कन्व्हर्टिबल कापायला घेताय? आधी दारांना टेकू द्या

माझी गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग, कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडणाऱ्या कापडी छताची, २८९ घनइंचाचं व्ही-एट इंजिन. डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, आणि गाडी बनली तो डिअरबॉर्नचा कारखाना, २००४ ला बंद झालेला, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होता, म्हणजे माहेरपणालाच आलीये म्हणा. दुरुस्तीचा चौथा हिवाळा चालू आहे. बायकोची गाडी चार वर्षं बाहेर बर्फात उभी असते, त्याबद्दल ती आता बोलत नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट आहे.

माझ्यासारखे बरेच जण सध्या असल्या गाड्या बघतायत, सारखे फोन येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. तुम्हाला पाने हातात धरता येतात, कार्ब्युरेटर म्हणजे काय ते माहितीये, हे धरून चालतो. इंजिनाबद्दल काही लिहीत नाही. इंजिन सोपं असतं हो. पार्ट मिळतात, शॉप मॅन्युअल मिळतं, चुकलं तर परत उघडायचं. माणूस बुडतो तो पत्र्यात, गंजलेला कापून नवा बसवण्यात.

घेताना एवढं बघा. गाडीवर कोरलेल्या कारखान्याच्या नंबरात इंजिनाच्या अक्षराआधी ०८ असायला हवं, ०८ म्हणजे कारखान्यातूनच कन्व्हर्टिबल निघालेली, नाहीतर कूपेचं, म्हणजे पक्क्या छपराच्या मस्टँगचं, छप्पर कापून विकणारे महाभाग आहेत. मग विंडशील्डखाली जी जाळी असते, हवा आत यायची, तिच्यात बाटलीभर पाणी ओता आणि डॅशखाली डोकं घालून बघा. पन्नास वर्षांचा पालापाचोळा त्या पोकळीत कुजतो, खालचा पत्रा खातो आणि पाणी थेट पायावर येतं. माझ्या गाडीत आलं. मालक म्हणाला, रबर बदललं की थांबेल. मी मान डोलावली, कारण रंग लाल होता आणि माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. रबर वगैरे काही नसतं तिथे, अख्खा काउल, म्हणजे जाळीखालची ती पोकळी, सुटा करावा लागतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मिशिगनमध्येच राहिलेली गाडी असेल तर गंज आहेच, फक्त कुठे आणि किती एवढाच प्रश्न.

आता मुख्य गोष्ट. ही मी फोनवर सगळ्यांना तीन-तीनदा सांगतो आणि इथेही तेच करणार आहे, वैतागू नका.

मस्टँगला वेगळी चासी नाही. जुन्या ट्रकसारखं खाली शिडी आणि वर बॉडी असं नसतं, पत्र्याची बॉडी हीच चासी. कूपेमध्ये वरचं छप्पर पुढचा भाग मागच्याला धरून ठेवतं. कन्व्हर्टिबलला छप्परच नाही, कापड आहे, कापड काय धरणार. मग सगळा भार कुठे जातो? दाराखालच्या उंबऱ्यात, म्हणजे रॉकर पॅनलमध्ये, आणि फ्लोअरमध्ये. म्हणून फोर्डने कन्व्हर्टिबलचा आतला रॉकर जाड पत्र्याचा केला आणि पुढे दोन्ही बाजूंना टॉर्क बॉक्स, म्हणजे उंबरा पुढच्या भागाशी जोडणारे पत्र्याचे खोके, दिले. आणि गंज नेमका त्याच उंबऱ्याला लागतो. म्हणजे तुम्ही जो भाग कापून फेकणार आहात, त्याच भागाने गाडी सरळ धरलेली आहे. हे वाक्य परत वाचा. मी वाचलं नव्हतं.

मी काय केलं, तर इंजिन काढलं, गाडी चार कोपऱ्यांत चार स्टँडवर चढवली, दारं काढून भिंतीला लावून ठेवली (ही पहिली चूक), आणि लाँग वीकेंड होता म्हणून उत्साहात दोन्ही बाजूचे रॉकर आणि फ्लोअर एकदमच कापले. व्हिडिओतला माणूस तसंच करत होता. त्याची गाडी कूपे होती, एवढा बारीक फरक. डोळ्यांना काही दिसत नाही हो, हेच वाईट. गाडी मोडून पडत नाही, आवाज येत नाही, मधोमध गुपचूप एक-दोन सूत खाली बसते. आमच्या मामाचं सांगलीला गॅरेज होतं, तिथे सगळं माप सुतात चालायचं आणि एक सूत म्हणजे काही नाही असं मला लहानपणापासून वाटायचं. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर. दाराची फटच पाच मिलिमीटरची असते.

उजवी बाजू नवीन पत्रा लावून पूर्ण वेल्ड केली, घासून गुळगुळीत केली, फोटो काढून भावाला पुण्याला पाठवले. मग दार आणून लावलं. मागच्या वरच्या कोपऱ्यात ते क्वार्टर पॅनलला, म्हणजे दारामागच्या पत्र्याला, जाऊन टेकलं. बिजागरी सैल केली, वर घेतलं, पुढे ओढलं, काही होईना. खाली बोट जाईल एवढी फट, वर पोस्टकार्डसुद्धा जात नाही. मध्य बसला की दाराची चौकट वरून मिटते आणि खालून उघडते, हे गणित त्या रात्री अकरा वाजता गॅरेजच्या फरशीवर बसून कळलं. घरात जाऊन कोणाला काही सांगितलं नाही.

तर, कापण्याआधी दारं लावलेली असू द्या. गाडी स्वतःच्या चाकांवर किंवा सस्पेन्शनखाली टेकू देऊन सपाट उभी करा आणि चारी बाजूंच्या फटी मोजून मास्किंग टेपवर तिथल्या तिथे लिहा. मग इंचभर चौकोनी पाइप घेऊन बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत एक वर, एक खाली, एक तिरका असा वेल्ड करा, आणि एक आडवा, डाव्या खांबापासून उजव्यापर्यंत. पाइप खांबांच्या आतल्या बाजूला लावा म्हणजे तो असतानाही दार बसवून बघता येतं, नाहीतर टेकू आहे पण दार तपासता येत नाही अशी गत होते. एका वेळी एकच बाजू कापा. नवीन पत्रा आधी वेल्डच्या नुसत्या ठिपक्यांवर, म्हणजे टाके घालून, बसवा, दार लावा, बंद करा, फट मोजा, टेपवरच्या आकड्याशी जुळवा, मगच पक्कं वेल्ड. आणि कूपेचा आतला रॉकर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, दिसायला तसाच असतो पण पत्रा पातळ. हो, मी घेतला होता. परत पाठवायचं भाडं खिशातून गेलं.

घाबरू नका मात्र. माझी गाडी सुटली त्यातून. शेजारच्या गल्लीत एक आजोबा आहेत, आयुष्यभर बॉडी शॉपमध्ये काम केलेले, त्यांनी बघितलं, हसले नाहीत, फक्त विचारलं, किती वेल्ड आहेत? चौसष्ट. ते सगळे ड्रिलने सोडवले, उंबऱ्याखाली लाकडाची फळी आणि बाटली जॅक लावून गाडी मधून उचलली, दार लावून, पाव-पाव फेरा करत, फट सारखी होईपर्यंत. मग टेकू. त्यात आठ महिने गेले, पण पत्रा दयाळू असतो, परत वाकतो.

या आजोबांनी मला दोन महिने गाडीला हात लावू दिला नाही, भंगार पत्र्यावर वेल्ड करायला लावलं. तेव्हा राग यायचा. माझं मत असं झालंय की जो तुमच्या हातातून वेल्डिंगची टॉर्च घेऊन स्वतः करून दाखवतो तो गुरू नाही, तो हौशी आहे. आणि जो म्हणतो ‘पुट्टी भर, रंग मार, कोणाला कळतंय’ त्याला चहा पाजून घरी पाठवा. मिगला, म्हणजे आपोआप वायर सोडणाऱ्या वेल्डिंग मशीनला, गॅस लावा, गॅसशिवायची वायर स्वस्त पडते पण पातळ पत्र्यात भोकं पाडते. सलग रेघ ओढू नका, एक टाका इथे, एक हातभर लांब, नाहीतर पत्रा पापडासारखा फुगतो. कम्युनिटी कॉलेजमध्ये रात्रीचा वेल्डिंगचा क्लास असेल तर तो करा, बाकी ऑनलाइन कोर्सेसचे पैसे ग्राइंडरच्या डिस्कला घाला.

जिवाचं पण सांगतो. या गाडीत डिकीची फरशी म्हणजेच पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा, १६ गॅलनची टाकी तिथेच बसवलेली असते. मागे ठिणगी पाडण्याआधी टाकी काढून गॅरेजच्या बाहेर, रिकामी असली तरी, वाफच पेटते. ब्रेकचं मास्टर सिलिंडर ६६ ला एकच सर्किटचं, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. फोर्डने ६७ पासून डबल दिलं. ओरिजिनल ठेवायचा हट्ट असणाऱ्यांनी ठेवावा, मी डबल टाकलं, माझ्या पोरी मागे बसणार आहेत. जुन्या रंगात शिसं असतं, घासताना मास्क हवाच. आणि नवीन रंग घरी मारू नका, हार्डनरवाल्या रंगाला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. मी रंग बाहेर दिला, त्यात कमीपणा वाटला नाही. थोडा वाटला.

पिशव्यांना चिठ्ठ्या लावा, प्रत्येक बोल्टचा फोटो काढा, हे सगळे सांगतात, मीही सांगतो, आणि तरी माझ्याकडे एक डबाभर बोल्ट आहेत ज्यांचा बाप सापडत नाही.

सध्या छताचं कापड यायचंय. इथल्या वुडवर्ड रस्त्यावर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जत्रा असते, १९९५ पासून, गेली तीन वर्षं मी तिथे खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या गाड्या बघतोय. यंदाचं घरात अजून काही बोललो नाहीये. उजवं दार एका बोटाने लागतं. डाव्याला अजून जरासं वर उचलून लावावं लागतं, ते बायकोला बरोबर जमतं, मला नाही.