बडोद्याच्या कपाटातली जुनी पुस्तकं: फोटोवरून मजकूर

घरात सयाजीरावांच्या काळातली मराठी पुस्तकं असतील, तर ती टाइप करत बसू नका. पान खिडकीजवळ सपाट ठेवा. फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर. बांधणीकडचा बाक राहिला की तिथल्या ओळी वाकतात आणि शब्द एकमेकांत घुसतात. एका फोटोत एकच पान.

फोटो २ एमबीच्या आत ठेवून गूगल ड्राइव्हवर चढवा, कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. वर फोटो, खाली मजकूर.

खरं काम पुढेच. अनुस्वार गळतात, ‘घ’चा ‘ध’ होतो. दुरुस्तीला गुजराती किंवा हिंदी कीबोर्डवर भागवू नका, मराठी वेगळा जोडा. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट-एन म्हणजे ळ, शिफ्ट-जे म्हणजे ऱ. इथे साधा र टाकलात, तर लग्नाच्या स्वयंपाकाचं आमंत्रण आचाऱ्यांऐवजी आचार्यांना जाईल! ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवरचे अनुस्वार मात्र पुसू नका. ती १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची रीत आहे.

मोडीतल्या कागदांना हा उपाय चालत नाही. त्यांचे फोटो काढून ठेवा आणि मोडी वाचणारा माणूस गाठा.