मोहंडचा छेद आणि शिवणाचा दोरा

दख्खनच्या बेसॉल्टचे जवळजवळ आडवे थर पाहत भूशास्त्र शिकलेला माझ्यासारखा विद्यार्थी शिवालिकच्या तिरप्या वालुकाश्मांपुढे प्रथम गोंधळतोच. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी डेहराडूनच्या दक्षिणेची मोहंड अपनती, म्हणजे थरांची वर उचललेली कमानीसारखी वली, घेतली होती. तिची उत्तर बाजू लांब आणि बेताच्या उताराची आहे, तर दक्षिणेकडे पायथ्याशी हिमालयाचा सर्वांत पुढचा थ्रस्ट, म्हणजे वरचा खडक खालच्यावर चढवणारा भंग, शिवालिकला मैदानातील गाळावर चढवतो. डिप-स्ट्राइकची, म्हणजे थरांची नती (उतार) आणि दिशा यांची, मोजणी आठ दिवसांत संपली; छेदाने, म्हणजे जमीन उभी कापली तर आतले थर कसे दिसतील त्या आकृतीने, मात्र चार महिने खाल्ले.

पृष्ठभागावरील नती धरून मी समकेंद्री कमानी काढत खोल गेलो आणि तळचा थर सपाट ठेवला. आकृती देखणी होती, पण चुकीची होती. मार्गदर्शकांनी काही न बोलता शिवणाचा दोरा पुढे केला. छेदाच्या दोन्ही टोकांना रेषा आखून प्रत्येक थरावर दोरा बसवला, तेव्हा तळचा थर वरच्यापेक्षा सव्वा किलोमीटर आखूड भरला. हे थर एकाच खोऱ्यात एकावर एक सपाट साचले असतील, तर त्याच दोन टोकांमधली त्यांची मूळ लांबी सारखीच हवी. कमी पडलेले अंतर कुठे विरून जात नाही. तळचा थर तुटून स्वतःवरच चढलेला असतो, किंवा त्याच्या वर घसरणीचा पृष्ठ असतो. मोहंडखाली थ्रस्ट सरळ पाताळात जात नाही. काही किलोमीटर खोलीवर तो जवळजवळ आडव्या डेकोलमाँला, म्हणजे तळच्या घसरणीच्या पृष्ठाला, मिळतो, आणि तिथून वर येणाऱ्या रॅम्पवर, म्हणजे भंगाच्या तिरप्या भागावर, सरकताना थर वाकून ही अपनती घडते. वली आधी आणि भंग नंतर, हा माझा समज इथे उलटा पडला.

पहिला छेद सहसा कोणाचाच जुळत नाही, तेव्हा खचू नका. मात्र कळ दाबताच छेद जुळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरला पहिल्या वर्षी हात लावू नये, आणि तयार उत्तर देणारा मार्गदर्शक मिळाला तर ते सुदैव मानू नये, असे माझे हट्टी मत आहे. डेव्हिस, सुप्पे आणि डाहलेन यांचा १९८३ चा पाचरीचा सिद्धांत (डोंगरपट्ट्याच्या पाचरीचा उतार तळाच्या घर्षणावर ठरतो) नंतर वाचावा. पाकिस्तानातील सॉल्ट रेंजमागचा पोटवार पट्टा तळच्या निसरड्या मिठामुळे इतका रुंद आणि मंद उताराचा का, हे त्यातून सहज उलगडते.

छेदाची रेषा मात्र थर सरकले त्या दिशेनेच, म्हणजे मोहंडला साधारण ईशान्य-नैऋत्य, घ्यावी. माझी पहिली रेषा ओढ्याच्या पात्रामागे वळत गेली होती, कारण खडक तिथेच उघडे होते. ती मोजणी सरळ रेषेवर उतरवताना पुन्हा तीन आठवडे गेले.