नवतप्यात सायकल काढायची असेल तर

नवतपा म्हणजे मे अखेरीचे नऊ कडक उन्हाचे दिवस. त्यात नागपूरच्या झिरो माइलपासून उत्तरेकडे निघायचं तर पहाटे चारला पायडल मारा. मी पहिल्या वर्षी चहा-पोहे करून सातला निघालो आणि मनसर येईस्तोवर डोळ्यांपुढे काजवे चमकले. आमच्याकडची तपन पंचेचाळीसच्या पुढं जाते, बाप्पा! दहाला सायकल झाडाखाली, ती चार-साडेचारपर्यंत हलवायची नाही. ढाब्यावरची बाज मिळाली तर सोनं.

राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगर ते कन्याकुमारी, म्हणून दोन्ही दिशा आपल्याच. समृद्धीवर सायकल चालत नाही, तिकडे वळूच नका. देवलापारनंतर पेंचचं जंगल लागतं. तो पट्टा उजेडातच पार करा.

पाण्याचं मात्र नीट ऐका. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, घामातून मीठ जातं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. तहान लागायची वाट न बघता घोट घोट घ्या. बाटलीवर ओला मोजा चढवा, वारा लागला की पाणी गार राहतं. डोक्याला-कानाला ओला दुपट्टा, त्यावर हेल्मेट. खिशात कांदा आई ठेवतेच. राहू द्या, जेवणात कामी येतो.

ट्यूब दोन, पंक्चरचं सोल्युशन नवं घ्या. माझी सोल्युशनची जुनी ट्यूब उन्हानं वाळून खडा झाली होती.

सोबतचा असंबद्ध बोलायला लागला, तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.