पित्तनलिकेतला मेटल स्टेंट: या चुका टाळा

स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या कर्करोगाने नलिका दाबली गेली की पित्त तुंबतं आणि कावीळ वाढत जाते. ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत करायची प्रक्रिया) करून स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, घातला की पित्ताला वाट मिळते; गाठ मात्र जागच्या जागी राहते. प्लास्टिकचा स्टेंट जेमतेम 3 मिमी रुंद, साधारण 3 महिन्यांत तुंबणारा. मेटलचा उघडल्यावर 8 ते 10 मिमी होतो, म्हणून जास्त टिकतो.

निदान पक्कं नसताना उघड्या जाळीचा, म्हणजे आवरण नसलेला मेटल स्टेंट घालणं. जाळीतून पेशी वाढल्या की तो सहसा काढता येत नाही. स्वादुपिंडाची ऑटोइम्यून (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे येणारी) सूज हुबेहूब कर्करोगासारखी दिसते आणि ती स्टेरॉइडने बरी होते. बायोप्सीचा रिपोर्ट हाती नसेल तर प्लास्टिकचा किंवा पूर्ण आवरणाचा, म्हणजे पुढे काढता येणारा स्टेंट घालावा.

गाठ काढायचं ऑपरेशन तोंडावर असताना सरसकट स्टेंट. स्टेंटबरोबर आतड्यातले जंतू नलिकेत शिरतात. ताप नसेल, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) फार चढलेलं नसेल आणि ऑपरेशन लगेच होणार असेल, तर थेट ऑपरेशनच बरं. आधी केमोथेरपी द्यायची असेल किंवा पित्तमार्गात जंतुसंसर्ग झाला असेल, तर स्टेंट हवाच. तोही शक्य तितका आखूड, म्हणजे सर्जनला वरची नलिका मोकळी मिळते.

यकृताच्या मुखाशी, म्हणजे डावी-उजवी नलिका एकत्र येतात तिथे, अडथळा असताना एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) न करता ईआरसीपी. सगळ्यात महागात पडणारी चूक ही. इथे डावी-उजवी नलिका आणि त्यांच्या शाखा वेगवेगळ्या अडलेल्या असतात. कुठल्या भागाचा निचरा करायचा हे आधी ठरलेलं नसेल तर डाय (एक्स-रेत नलिका दिसाव्यात म्हणून सोडलेलं औषध) सगळीकडे पसरतो, आणि ज्या शाखेत डाय गेला पण स्टेंट गेला नाही, तिथेच संसर्ग पेटतो. म्हणून चित्र पाहून भाग निवडायचे, यकृताच्या निम्म्याहून जास्त निरोगी भागाचा निचरा साधायचा आणि आकसलेला भाग सोडून द्यायचा. अनेकदा त्यासाठी दोन स्टेंट लागतात. आवरणाचा स्टेंट इथे नको, तो बाजूच्या शाखांची तोंडं बंद करतो.

लांबीचा हिशेब चुकणं. विणलेल्या जाळीचा स्टेंट उघडताना आखडतो. नलिकेच्या अरुंद झालेल्या भागाच्या दोन्ही टोकांना 1 ते 2 सेंमी शिल्लक राहील अशी लांबी निवडावी. स्टेंट सोडल्यावर तो मध्ये कंबरेसारखा आवळलेला दिसला तरी घाबरू नये, पूर्ण उघडायला दोन-तीन दिवस जातात.

घरी आल्यावर डोळ्यांचा रंग पाहत बसणं. खाज आणि लघवीचा गडदपणा आधी कमी होतो. डोळ्यांचा पिवळेपणा मागाहून जातो, कारण बराच काळ तुंबलेलं बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं. आठवड्याने रक्त तपासलं आणि आकडा अजिबात उतरला नसेल, तर स्टेंटची तपासणी व्हायला हवी.

थंडी वाजून आलेल्या तापावर पॅरासिटामॉल देऊन थांबणं. असं कधीच करू नये. स्टेंट असलेल्या माणसाला हुडहुडी भरली तर रात्र असो वा सुट्टी, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. सोनोग्राफीत नलिका फुगलेल्या दिसल्या आणि त्यात नेहमी दिसणारी हवा नाहीशी झालेली असली, तर स्टेंट बंद पडल्याची शंका बळावते. गाळ असेल तर बलूनने साफ होतो. जाळीतून गाठ वाढली असेल तर त्याच स्टेंटमधून दुसरा घालतात. आवरणाचा स्टेंट सरकला असेल तर तो काढून नवा बसवतात.

प्रत्येक त्रास बंद स्टेंटचाच असतो असं नाही. पहिल्याच दिवशी पाठीत जाणारी तीव्र पोटदुखी स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते. ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं पित्ताशयाच्या सुजेमुळेही येतं, कारण स्टेंट कधीकधी त्याची वाट झाकतो. खाल्लेलं अन्नच उलटून पडत असेल तर आतड्याचा सुरुवातीचा भाग गाठीने अडला असेल, आणि त्याचा इलाज वेगळा.

स्टेंटचं कार्ड फाइलमध्ये वरच ठेवा: तारीख, लांबी, व्यास, आवरण आहे की नाही. एमआरआयच्या वेळी ते विचारतात आणि पुढची ईआरसीपी करणाऱ्याला तेच आधी पाहायचं असतं.