बोटीवरील एसीचे पाणी : या चुका टाळा

कोकण किनाऱ्याच्या दमट हवेत १२,००० बीटीयूचा (एक टनाचा) एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. घरात ते खिडकीबाहेर सोडता येते. बोटीत मात्र ड्रेन पाइप बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाणी साचणाऱ्या खोलगट भागात, सोडून मोकळे होण्याची सवय आढळते, आणि हीच सर्वांत घातक चूक आहे. कुबट वास हे त्यातले किरकोळ नुकसान. अनेक युनिटांत ब्लोअर (पंखा) थंड कॉइलमधून हवा ओढतो, त्यामुळे उघड्या ड्रेन पाइपातूनही हवा वर खेचली जाते. पाइपाचे तोंड इंजिन किंवा जनरेटरच्या कप्प्यात असेल, तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या केबिनमध्ये पोहोचू शकतो, आणि त्याला वास नसल्याने कोणाला जागही येत नाही. म्हणूनच पाइपाचे तोंड त्या कप्प्यात किंवा एक्झॉस्टपासून ३ फुटांच्या आत नसावे. ते झाकणबंद संप-पंपाला (पाणी साठवून उपसणाऱ्या डबा-पंपाला) जोडून पाणी बोटीबाहेर टाकावे. न्हाणीचा संप चालतो. मात्र केस आणि साबणाने तो तुंबतो, तेव्हा स्वतंत्र असलेला बरा.

एसी चालू असताना थेंबही पडत नाही आणि बंद करताच पाणी भसकन येते, अशी तक्रार असेल, तर पाइप तुंबल्याचा निष्कर्ष घाईने काढू नये. ब्लोअरच्या ओढीने पाणी कॉइलखालच्या ट्रेमध्येच अडून राहते. त्यासाठी पाइपाला पाण्याने भरलेला यू-आकाराचा वाक हवा. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना हा वाक सुकतो, म्हणून हंगामाच्या आरंभी ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतावे आणि ते कोठून बाहेर पडते हेही पाहावे. ही तपासणी बोट पाण्यात, टाक्या भरलेल्या असताना करावी, कारण बोटीचा कल बदलला की पाणी ट्रेच्या भलत्याच कोपऱ्यात साचते.

गळणारे पाणी गोडे की खारट, हे युनिटखालच्या थेंबावरून ठरवावे, बिल्जमधल्या पाण्यावरून नव्हे. खारट असेल, तर दोष थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी खेळवणाऱ्या मार्गात आहे. सीकॉक, म्हणजे बोटीत समुद्राचे पाणी घेणारा कॉक, तत्काळ बंद करावा. पावसाळ्यात गोव्यातील मांडवी नदीच्या आतल्या भागात मात्र नदीच गोडी झालेली असते आणि ही परीक्षा फसते. तेव्हा ट्रे कोरडा पुसून, कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता पाण्याचा पंप चालवावा; तरीही थेंब पडले, तर गळती त्या मार्गातलीच.