कॅन्सरचा उपचार चालू असताना व्हॉट्सॲप कसं वापरावं

‘डॉक्टरांना मेसेज टाकलाय, बघू काय म्हणतात.’ खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या एखाद्या पेशंटच्या घरी हे ऐकलं की मी आधी तो मेसेज बघायला मागते. बहुतेक वेळा ती चार-पाच मिनिटांची व्हॉइस नोट असते, नाहीतर घाईत काढलेले, एकही अक्षर धड न दिसणारे रिपोर्टचे फोटो. उत्तर आलं नाही की डॉक्टर लक्ष देत नाहीत, असं घरात ठरून जातं. नात्यातल्या आणि गावातल्या पेशंटबरोबर दवाखान्याच्या वाऱ्या करताना हे फोन मीच सांभाळत आले आहे. त्यातून जे पक्कं झालं ते इथे लिहिते.

एक पेशंट, एक फोन

डॉक्टरांशी घरातल्या एकाच माणसाने बोलायचं. मुलगा, जावई आणि पुतण्या असे तिघे वेगवेगळं विचारत बसले तर तीन उत्तरं येतात आणि घरात भांडण होतं.

कागद

बायॉप्सीचा रिपोर्ट, स्कॅनचा लेखी रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड यांची पीडीएफ करा, नावात तारीख टाका आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि आकडे वाचता येत नाहीत. स्कॅनची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून फोटो काढू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही.

मेसेज लिहिणं

मला सगळ्यात जड गेली ती ही पायरी, आणि अजूनही लोक इथेच अडतात. पेशंट सांगतो, ‘कसंतरी होतंय’. आपण तेच लिहितो, ‘सर, आईला कसंतरी होतंय, काय करू?’ ओपीडीत शंभर माणसं बसलेली असताना डॉक्टर यावर काय लिहिणार? केमो कितवी, कधी झाली, त्रास कधीपासून, हे त्यांना आधी कळायला हवं. तेच नसेल तर उलट प्रश्न विचारण्यात दिवस जातो.

म्हणून क्रम पाठ करा: नाव आणि फाइल नंबर, वय, कुठला कॅन्सर, कितवी केमो आणि तिची तारीख, त्रास काय व कधीपासून, ताप किती, काय औषध दिलं आणि शेवटी एकच प्रश्न. माझा मेसेज असा असतो:

‘नाव, फाइल नंबर. वय 56, स्तनाचा कॅन्सर. तिसरी केमो 4 तारखेला झाली. दोन दिवस तोंडात फोड. पेज आणि ताक जातं, भाकरी गिळवत नाही. ताप 98.6. मीठ-सोड्याच्या गुळण्या दिवसातून चार वेळा चालू आहेत. तोंडाला लावायचं औषध सांगता का, की दाखवायला आणू?’

हे वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि उत्तर दोन शब्दांत देता येतं. व्हॉइस नोट पाठवू नका. समोर पेशंट बसलेला असताना डॉक्टर ती ऐकू शकत नाहीत, आणि नंतर शोधायची म्हटली तरी सापडत नाही. आपल्याकडे भाषेचाही प्रश्न आहे. बेळगावात मराठी कळणारे डॉक्टर भेटतात, पण हुबळीच्या नवनगरच्या कॅन्सर दवाखान्यात किंवा बंगळुरूच्या किदवाई कॅन्सर दवाखान्यात ती सगळ्यांना कळेलच असं नाही. तिथे मोडक्या इंग्रजीत लिहा, आकडे आणि तारखा नीट घाला. औषधाचं नाव स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका, गोळ्यांच्या पाकिटाचा स्पष्ट फोटो द्या.

डॉक्टरांनी मेसेजवर सल्ला देणं नियमात बसतं. 25 मार्च 2020 रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दुरून सल्ला देण्याच्या, मार्गदर्शक सूचनांत मजकूर, फोन आणि व्हिडिओ तिन्हींना जागा आहे. त्याच सूचनांनुसार पेशंटची ओळख लपवून सल्ला घेता येत नाही, आणि ‘प्रत्यक्ष दाखवा’ म्हणण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे. तसं म्हटलं की वाद न घालता निघा. मॉर्फिनसारख्या औषधाची चिठ्ठी या मार्गाने देता येत नाही. दुखण्यासाठी ती गोळी चालू असेल तर संपायच्या आधीच दवाखाना गाठा.

मेसेज करायचाच नाही अशी वेळ

केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस झाला, की मेसेज टाकून वाट बघायची नाही. फोन करत करत निघायचं. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. त्या काळात जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. कपाळाला हात लावून ताप ठरवू नका, घरात थर्मामीटर हवाच. मोजायच्या आधी तापाची गोळी देऊ नका, तिने आकडा खाली येतो आणि आतला आजार वाढत राहतो. रात्री कुठे जायचं ते पहिल्या केमोच्या आधीच ठरवा. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, खानापूरकराला बेळगाव. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली’ हेच. दम लागणं, न थांबणारं रक्त, शुद्ध हरपणं यांनाही हेच लागू.

फॉरवर्ड

हळद, लिंबू-सोडा, लक्ष्मणफळ, गोमूत्र: पेशंटचं निदान झालं की आठवड्यात हे सगळं फोनवर येतं. पाठवणारी माणसं मायेनेच पाठवतात, म्हणून त्यांना तोडून बोलू नका. ‘काकी, डॉक्टरांना विचारून सांगते’ म्हणा, आणि खरंच विचारा. काही वनस्पतींमुळे केमोच्या औषधाचा शरीरातला परिणाम कमी-जास्त होतो, त्यामुळे डॉक्टरांना न सांगता दिलेला काढा निरुपद्रवी समजू नका. त्याहून मोठं नुकसान होतं ते काढ्यावर विसंबून उपचार पुढे ढकलल्याने.

नोव्हेंबर 2024 मध्ये एका माजी क्रिकेटपटूने लिंबूपाणी, हळद आणि कडुनिंबाच्या आहाराने पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर बरा झाल्याचं सांगितलं. तो व्हिडिओ आपल्याकडच्या ग्रुपवरही फिरला. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर दवाखान्याच्या 262 आजी-माजी डॉक्टरांनी लगेच निवेदन काढून सांगितलं की या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, त्यापायी उपचार लांबवू नका. ते निवेदन संचालक डॉ. सी. एस. प्रमेश यांनी एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) टाकलं. घरात कुणी तो व्हिडिओ दाखवला तर मी हे निवेदन दाखवते.

‘कॅन्सर बरा करतो’ अशी औषधाची जाहिरात करणं 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. यूट्यूबवर बोलणारा डॉक्टर खरा आहे का, हे नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत नाव घालून बघता येतं. पण तो खरा असला तरी त्याने तुमचा रिपोर्ट वाचलेला नाही.

पेशंटांचे ग्रुप

जरूर जा. टाटाला जाताना परळला राहायची सोय, विग, स्टोमाची (ऑपरेशननंतर पोटावर लावायची) पिशवी, गिळायला सोपं जेवण हे तिथे विचारायचं. औषध आणि डोस विचारायचा नाही. दोघींना स्तनाचाच कॅन्सर असला तरी ईआर, पीआर, हर-टू या गाठीच्या तपासण्यांचे निकाल वेगळे निघाले की उपचार बदलतो. ज्या ग्रुपमध्ये डॉक्टरही असतात तो जास्त उपयोगी. अमेरिकेत 2011 मध्ये दोन पेशंट बायकांनी ट्विटरवर बीसीएसएम या हॅशटॅगखाली स्तनाच्या कॅन्सरवर गप्पा सुरू केल्या, आणि पुढे त्यात डॉक्टरही नियमित येऊ लागले, म्हणून तिथली माहिती तपासली जायची.

फोटो आणि पैसे

पेशंटला विचारल्याशिवाय केस गेलेला फोटो कुठेही टाकू नका. रिपोर्ट गावच्या ग्रुपवर तर मुळीच नको, त्यावर नाव, वय, नंबर सगळं असतं. मदत मागायची असेल तर आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे (सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाकडे) योजनेची चौकशी करा, मग दवाखान्याच्या खात्याचा तपशील द्या. स्वतःचा क्यूआर कोड टाकला की कुणीतरी तोच फोटो उचलून आपला कोड लावतो. तसं झालेलं दिसलं किंवा पैसे गेले, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा.