फॉरमॅट मारायच्या आधी भिंतीतला बोर्ड बघा: घरच्या कॉम्प्युटरबाबत या चुका टाळा

आमच्या लातूरच्या घरातला कॉम्प्युटर तीन महिने मला छळत होता. चालता चालता फट्‌कन बंद पडायचा आणि आपोआप परत चालू व्हायचा. ना निळी स्क्रीन, ना मेसेज. पहिल्यांदा दुकानातला पोरगा आला, म्हणाला व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. मारला. चार दिवसांनी परत तेच. मग म्हणाला रॅम गेलीय, रॅम बदलली, आठवडाभर बरा चालला आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की पोरगा हुशार आहे. नंतर परत सुरू. कंपनीच्या सपोर्टला फोन लावला तर तिथल्या बाईंनी ड्रायव्हर टाका, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा आतला प्रोग्राम) अपडेट करा, विंडोज रिसेट करा, असं क्रमाने सगळं करायला लावलं, ते पण केलं. म्हणजे तीन महिन्यांत तीनदा फॉरमॅट, एक रॅम, आणि प्रत्येक व्हिजिटचे तीनशे रुपये वेगळेच.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही बोअरची मोटार लावली की तो बंद पडतोय की."

मी हसलो, पण वहीत टाइम लिहायला लागलो. सकाळी नऊ दहा, संध्याकाळी सहा, परत सकाळी नऊ पाच. दर वेळेला मोटार. शेजारी एक वायरमन राहतात, त्यांना बोलावलं, त्यांनी कॉम्प्युटरकडं बघितलं पण नाही, सरळ भिंतीतला बोर्ड उघडला. न्यूट्रलचा स्क्रू ढिल्ला, वायरीचं टोक काळं पडलेलं. आणि तिसऱ्या होलात, अर्थिंगच्या, वायरच नव्हती. घर बांधताना लावलीच नव्हती. मोटार सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढते, तेवढ्यात लाईनचं व्होल्टेज दबतं, त्यात ढिल्ला न्यूट्रल, मग एसएमपीएसला (कॉम्प्युटरच्या आतला वीज पुरवणारा डबा) जे मिळायचं ते मिळत नाही आणि मशीन रिस्टार्ट. स्क्रू आवळायला दोन मिनिटं लागली. पैसे घ्या म्हणलं तर ते म्हणाले चहा पाजा.

तर पहिली आणि सगळ्यात महाग चूक ही, की बिघाड कुठंय हे कळायच्या आधी पार्ट बदलायला सुरुवात करणं. आपण इकडं राहतो जिथं उन्हाळ्यात डीपी (गल्लीचा ट्रान्सफॉर्मर) जळते, वळवाचा पाऊस आला की लाईन जाते आणि येताना झटका देत येते, आणि तरी कॉम्प्युटर बंद पडला की आपण विंडोजला शिव्या घालतो. कधी, कशानंतर, किती वेळाने बंद पडतो हे आठ दिवस नुसतं लिहून काढा. विंडोजमधल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल पॉवर ४१" असं लाल दिसलं की लोक घाबरतात आणि नेटवर त्याचंच औषध शोधत बसतात, पण त्याचा अर्थ एवढाच असतो की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं होतं. का पडलं ते तो सांगत नाही. टाइम मात्र सांगतो, मशीन परत चालू झाल्याचा, तो वहीत घ्या.

अर्थिंगचं तर काय बोलावं. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावला की झिणझिण्या येतात, आणि घरातले म्हणतात "थोडा करंट मारतोच तो, चप्पल घाल". हे नॉर्मल नाही बरं का. एसएमपीएसमध्ये कचरा सिग्नल अर्थिंगला सोडण्यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून. अर्थिंग नसेल तर बॉडी या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० च्या साधारण निम्म्यावर. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणूस नुसता दचकतो, पण हीच बॉडी पेनड्राइव्हच्या, मॉनिटरच्या, प्रिंटरच्या केबलीतून दुसऱ्या मशीनला जोडलेली असते. यूएसबी पोर्ट उडाला, एचडीएमआय उडालं, या तक्रारीत अर्थिंगचा हात असू शकतो हे कुणी बघतच नाही.

मोजायचं सोपंय. मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थिंग पण तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. कॉम्प्युटर लावलेला असताना फेज ते अर्थिंग ११०-१२० दाखवत असेल तर अर्थिंग नावालाच आहे. मीटर हाताळायची सवय नसेल तर वायरमनकडून मोजून घ्या, उगं हिंमत दाखवू नका. आणि थ्री पिन टॉपची वरची जाड पिन कापून टू पिनमध्ये घालणारे जे महाभाग आहेत त्यांना माझा लांबूनच नमस्कार.

अर्थिंग आहे पण कोरडं पडलंय, हा आपल्याकडचा खास प्रकार. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पट्टी पुरलेली असते, ती जमिनीशी ओलीमुळं जोडलेली राहते. ओल गेली की रेझिस्टन्स वाढतो. २०१६ ला एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता म्हणणाऱ्याला लोकांनी मारलं असतं. पण एरवी मार्च ते जून आठवड्याला एक बादली, भांडी धुतलेलं असलं तरी चालतं.

इन्व्हर्टर आणि यूपीएस एकच समजणं ही पुढची चूक. घरच्या इन्व्हर्टरला मागं बहुतेक एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि एका बाजूला नॉर्मल किंवा इको लिहिलेलं. लावणारा माणूस ते नॉर्मलवर ठेवून जातो, कारण त्यात कमी व्होल्टेजला पण तो मेनवर चालत राहतो आणि बॅटरी वाचते. पण मग लाईन गेली की बॅटरीवर जायला वेळ लागतो. चांगला एसएमपीएस आतल्या कपॅसिटरवर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, स्वस्तातला तेवढाही नाही. म्हणून ट्यूब नुसती लुकलुकते आणि कॉम्प्युटर बसतो. बटण यूपीएसवर करा, निम्म्या लोकांचं काम तिथंच होईल. राहिलेल्यांनी छोटा यूपीएस घ्यावा, पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट, आणि त्याच्यावर लेझर प्रिंटर लावू नका, तो गरम व्हायला एकदम ओढतो आणि यूपीएस ओरडत बंद पडतो. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांची सोबती, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी, कारण तापमान दर दहा डिग्रीने वाढलं की लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. यूपीएस टेबलाखाली पोत्याआड कोंबून ठेवला असेल तर बाहेर काढा.

स्पाइक गार्ड (क्षणभराचा व्होल्टेजचा झटका अडवणारा बोर्ड) लावलाय म्हणून निवांत असाल तर तेवढं निवांत राहू नका. खांबावर न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी चारशेपर्यंत पण येऊ शकतं आणि ते स्पाइक नसतं, टिकून राहतं. त्याला हाय कट (व्होल्टेज जास्त झालं की लाईन तोडणारा) असलेला स्टॅबिलायझर नाहीतर व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो. आमच्या गल्लीत एकाच रात्रीत टीव्ही, फ्रिज आणि दोन कॉम्प्युटर गेले होते.

एसएमपीएसवर "४५० वॅट" छापलंय त्यावर जाऊ नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपियर लिहिलेत ते बघा आणि गुणा. १६ अँपियर असेल तर १९२ वॅट, संपलं. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. दुकानदार कॅबिनेटबरोबर "फ्री" देतो तो हाच असतो.

उन्हाळा. मेमध्ये खोलीतच ३८-३९ असतं, त्यात कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं आणि वर सासूबाईंनी विणलेलं कव्हर. कव्हर काढा. धूळ वर्षात दोनदा काढा, साध्या ब्लोअरने, पण फॅनला बोट किंवा पेन्सिल लावून धरा, नाहीतर तो हवेने भन्नाट फिरून बेअरिंग खराब करतो. आमच्या दाजींनी तर कमालच केली, कॅबिनेट गाडीवर घालून पंक्चरच्या दुकानात नेलं आणि कॉम्प्रेसरने हवा मारली! त्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि तेलही असतं, ते सगळं मदरबोर्डावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावर. पुसून, दोन दिवस सावलीत वाळवून मग लावला, नशिबाने चालला. डेझर्ट कुलरचा झोत पण सरळ कॅबिनेटवर घेऊ नका, आपलं बोअरचं पाणी किती क्षाराचं असतं ते कुलरच्या जाळीवरच्या पांढऱ्या थरावर दिसतंच.

काही गोष्टी फॉरमॅट न मारता सुटतात. तारीख सारखी मागं जातीय आणि वेबसाइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतायत, तर मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय, बदला. चालू होतो पण डिस्प्ले येईना, तर वायर काढून रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने हलक्या हाताने पुसा, परत टक्‌ आवाज येईपर्यंत दाबा. सगळंच हळू झालंय, तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत बघा, पिवळं किंवा लाल दिसलं तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडं काढा, बाकी सगळं नंतर. मरायला टेकलेल्या डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे उरलेला डेटा पण घालवणं.

आता सपोर्ट. तिकडं बसलेल्या माणसासमोर यादी असते आणि ती वरून खाली वाचल्याशिवाय तो पुढं जाऊ शकत नाही, त्याच्यावर ओरडून काही होत नाही, मी ओरडून बघितलंय. त्यापेक्षा फोन करायच्या आधीच बिलाचा फोटो, सिरीयल नंबर, बिघाडाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि काय काय करून झालं ते लिहून तयार ठेवा, आणि फोन ठेवायच्या आधी तक्रार नंबर घ्या. नंबर नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. जीएसटीचं पक्कं बिल न घेता चारशे-पाचशे वाचवणं ही तर आपली जुनी खोड, पार्ट गेला की मग दुकानदार म्हणतो "बिल असतं तर केलं असतं". माझा एक पार्ट कुरिअरने पुण्याला गेला आणि तेवीस दिवसांनी आला, त्यामुळं खोके जपून ठेवा. मदरबोर्डाच्या प्रोसेसर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण तर अजिबात फेकू नका, ते नसेल तर वॉरंटीत बोर्ड घ्यायला खळखळ करतात. पिन वाकलेली, जळालेलं वॉरंटीत बसत नाही. दाद देईनात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि स्क्रीनवर "तुमच्या कॉम्प्युटरला धोका, या नंबरवर फोन करा" असं आलं तर तो सपोर्ट नव्हे, चोर आहे. मायक्रोसॉफ्ट असा नंबर दाखवत नाही. त्याला एनीडेस्कवरून (लांबून कॉम्प्युटर चालवायचं ॲप) आत घेतलं असेल तर नेट तोडा, बँकेला कळवा आणि सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं.

हे सगळं बघून माझा भाचा म्हणाला, मामा मी स्वतःच असेंबल करतो. उदगीरला घरी बसून, पार्ट ऑनलाइन मागवून. रात्री अकराला व्हिडिओ कॉल.

"मामा, फॅन फिरायलेत, लाइट लागलीय, पण डिस्प्ले येईना. बोर्ड उडाला वाटतं."

"थांब. मॉनिटरची केबल कुठं लावलीस?"

"मागं, वरच्या बाजूला."

वरच्या बाजूला म्हणजे बोर्डाच्या पोर्टात. ग्राफिक्स कार्ड खाली, त्यात लाव म्हणलं. तरी येईना. आणि हे आधी लक्षात घ्यायचं असतं, की इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, एएमडीच्या रायझन ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराने माणूस रडतो. मग मोबाइल आत धरायला लावला. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरचं आठ पिनचं सॉकेट, रिकामं. मोठी २४ पिनची लावली म्हणून त्याला वाटलं झालं. ती लावली, आणि दोन रॅम शेजारी शेजारी खोचल्या होत्या त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घातल्या. परत चालू केला. काळी स्क्रीन. त्याने बंद करायला हात नेला तसा मी ओरडलो, थांब! नवीन डीडीआर५ असली की पहिल्यांदा बोर्ड रॅमची ओळख करून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात बंद करत राहिलं तर ते कधी पूर्णच होत नाही. तीन-चार मिनिटं आम्ही दोघं काळ्या स्क्रीनकडं बघत बसलो, मागं आक्का विचारतीय "जेवणार का नाय रे". मग लोगो आला.

स्वतः बांधणार असाल तर कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, त्याच्यावरचा कुलर (थंड ठेवणारा फॅन), एक रॅम, एसएमपीएस एवढ्यावर चालू करून बघा. कुलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढा, ते विसरणारे लई आहेत. कॅबिनेटमध्ये जिथं बोर्डाला भोक नाही तिथला पितळी स्पेसर काढून टाका, तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. जुन्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० बसवताना बायोस जुना असेल तर डिस्प्लेच येत नाही, दुकानदाराकडून आधी अपडेट करून घ्या.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून "नवीनच घ्या" म्हणणारे पण भेटतील. आधी बायोसमध्ये जाऊन इंटेलला पीटीटी, एएमडीला एफटीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करून बघा. इंटेल आठवी जनरेशन किंवा रायझन २००० आणि पुढचं असेल तर बहुतेक ११ चालतंच, नुसतं बटण बंद असतं.

भाच्याचं मशीन आता चांगलं चाललंय. परवा फोन आला, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतायत म्हणे.

म्हणलं, वायरमनला बोलाव, आणि आक्काला एक बादली मागून ठेव.